छत्रीवरचा कागद

बोरटाकळी युसूफ वडगावपासून जीपनं अर्ध्या तासावर आहे. जीप भरली तर अर्धा तास, नाही भरली तर अख्खी दुपार. गावात मारुती आहे, सोसायटी आहे आणि दोन खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा आहे. मारुतीला पुजारी होता, सोसायटीला चेअरमन होता, शाळेला मात्र शिपाई नव्हता. वर्ग झाडणं, रांजण भरणं, घंटा वाजवणं ही सगळी कामं छबूबाई करायची. तिला कुणी नेमलं नव्हतं. नवरा गेल्यावर एक दिवस ती खराटा घेऊन शाळेत आली आणि मग येतच राहिली. गुरुजी लोक आपल्या पदरचं काहीबाही द्यायचे, सुगीला घराघरातून पायलीभर ज्वारी यायची. किती गुरुजी आले आणि बदलून गेले, पण छबूबाईची बदली झाली नाही, कारण ती सरकारच्या कुठल्याच यादीत नव्हती.

गावातल्या एका यादीत मात्र ती होती, सोसायटीच्या सभासदांच्या. नवऱ्याच्या, हरिबाच्या नावावर सोसायटीचा एक शेअर होता. हरिबा ऊसतोडीला गेला तो तिकडंच राहिला. फडातून भरलेली गाडी काढताना चाकाखाली सापडला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी चेअरमन मोहनराव स्वतः दारात आले. खाटेवर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, हरिबाचा शेअर तुझ्या नावावर करून टाकतो. बाईमाणसाला आधार पायजे. हितं अंगठा दे." छबूबाईनं अंगठा दिला, वर वाकून पायाही पडली. आपल्या नावावर जगात काहीतरी झालं याचं तिला त्या दुःखातही बरं वाटलं होतं.

पुढं तिला कळलं की मोहनरावांनी गावातल्या अकरा विधवांची नावं अशीच लावून दिली होती. अकराही जणी अंगठेबहाद्दर. मोहनराव मनानं वाईट होते असं नाही. लग्नकार्याला धावून जायचे, मयताला लाकडं द्यायचे. पण अंगठ्याचा गुण त्यांना बरोब्बर ठाऊक होता. अंगठा मागितला की मिळतो, आणि नाही मागितला तरी मिळतो.

मतदान आमदारकीचं असो, सरपंचकीचं असो नाहीतर सोसायटीचं, पेटी शाळेतच यायची. मतदानाचा दिवस म्हणजे छबूबाईच्या घरचं लग्न. आदल्या दिवशीच ती बाकडी बाहेर काढायची, जमीन पुसायची. केजहून आलेल्या साहेबलोकांना पिठलं-भाकरी करून घालायची. सकाळी फक्की घेऊन शाळेभोवती पांढरी रेघ ओढायची. त्या रेघेच्या आत कुणी प्रचार करायचा नाही, असा कायदा. रेघ ओढून झाली की ती कमरेवर हात ठेवून एकदा पुढाऱ्यांकडं बघून घ्यायची. एरवी ज्यांच्यासमोर डोईवरचा पदर सावरून उभं राहायचं, त्या माणसांना त्या एका दिवशी छबूबाईनं ओढलेल्या रेघेबाहेर उभं राहावं लागायचं.

अठ्ठ्याण्णव साली सोसायटीची निवडणूक लागली, तेव्हा असंच सगळं करून सवरून ती दुपारी तीनला मत टाकायला रांगेत उभी राहिली. टेबलापाशी आली तर साहेब म्हणाले, "बाई, तुमचं मत झालेलं आहे."

"माझं? सायेब, मी तर आत्ता आले. तुमच्याच भाकरी थापत व्हते की."

साहेबांनी पुस्तक फिरवून तिच्यापुढं धरलं. तिच्या नावापुढं निळा अंगठा उमटलेला होता, चांगला जाडजूड. मोहनरावांचा पुतण्या बिभीषण त्यांच्या पॅनेलचा प्रतिनिधी म्हणून खिडकीपाशी खुर्ची टाकून बसला होता. तो म्हणाला, "मावशे, सैपाकाच्या नादात इसरली असशील. सकाळी तर आलतीस की!"

छबूबाईनं डाव्या हाताचं बोट वर केलं. बोटाला शाई नव्हती. "मग ही शाई कावून न्हाई?"

"राखंनं भांडी घासल्यावर काय ऱ्हातंय त्या बोटावर?" बिभीषण म्हणाला आणि खोलीतले सगळे हसले. रांगेतली माणसंही हसली. ती वाईट माणसं नव्हती, पण हसायला काय जातंय.

साहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी तासाभरापूर्वीच छबूबाईच्या हातच्या दोन भाकरी खाल्ल्या होत्या. मान खाली घालून ते म्हणाले, "सही असती तर ताडून बघितली असती, बाई. अंगठ्याचं मी इथं बसून काय सांगणार?"

छबूबाई घरी गेली. त्या रात्री ती जेवली नाही. मत गेलं म्हणून नव्हे. मताचं तिला तेव्हा फारसं कौतुक नव्हतं. पण आपल्या नावापुढं दुसऱ्या कुणाचा तरी अंगठा उठावा आणि 'तो माझा नाही' हे आपल्याला सांगता येऊ नये, हे तिला फार लागलं. हरिबा गेला तेव्हा तिला वाटलं होतं की आपलं कुणी राहिलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपणही राहिलो नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा झाडून झाल्यावर ती पंडित गुरुजींसमोर जाऊन उभी राहिली. पंडित गुरुजी तेव्हा शाळेचे मुख्य. हाताला कुंचल्याची हौस फार. पहिलीच्या वर्गाच्या भिंतीवर त्यांनी सगळी मुळाक्षरं चित्रांसकट रंगवली होती. 'बोलक्या भिंती' म्हणून वरून फर्मान आलं होतं, पण गुरुजींनी ते जीव ओतून केलं होतं.

"गुर्जी, माझं नाव कंच्या चित्रापासून सुरू व्हतं?"

गुरुजींनी बोट दाखवलं. चमच्याच्या आणि जहाजाच्या मधोमध एक काळी छत्री. छ छत्रीचा. मग पुढं ब बदकाचा, तो दोनदा. आणि अगदी वरच्या ओळीत ई ईडलिंबाचा. बदक छबूबाईनं जन्मात पाहिलं नव्हतं. ईडलिंबू खाल्लं नव्हतं. तिघांत ओळखीची अशी एक छत्रीच होती. ती एकदा मनात धरली की पुढची दोघं तिच्या मागं मागं यायची.

तेव्हापासून रोज सकाळी पोरं यायच्या आधी ती वर्गात उकिडवी बसायची, समोरच्या भिंतीवरची छत्री बघायची आणि जमिनीवरच्या धुळीत बोटानं छ काढायची. काढून झाला की खराट्यानं झाडून टाकायची. पाटी घ्या, असं गुरुजी म्हणाले होते, पण या वयात पाटी हातात धरायची तिला लाज वाटली. बदक लवकर जमलं, ईडलिंबूही जमलं. छ मात्र फार छळायचा. वरून खाली येऊन पोटात वळायचा, तिथून बाहेर पडून पुन्हा स्वतःभोवतीच फिरायचा. दीड वर्षं तो तिच्या हाती लागला नाही. मग एका सकाळी घरी गाईला बांधताना तिच्या लक्षात आलं की दाव्याची गाठ मारताना हात असाच फिरतो. खाली, आत, बाहेर, वळसा आणि घट्ट. त्या दिवशी शाळेत छ पहिल्यांदा बरा आला. थोडा डावीकडं कलला होता, पण छ होता. गुरुजी म्हणाले, "कलू द्या. आपलं गाव तरी कुठं सरळ हाय?"

ती गाय म्हणजे ढवळी. छबूबाईच्या घरात दुसरा जीव नव्हता. लेकरूबाळ झालं नाही, दोन एकर खडकाळ रान दिराला वाट्यानं दिलेलं. संध्याकाळी बोलायला ढवळी होती.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात केज तालुक्यात गुरांना चारा राहिला नाही. विहिरी आधीच बसल्या होत्या, आता बोअरही फुसफुसायला लागले. शाळेच्या रांजणाला दिवसाआड टँकरचं पाणी यायचं; त्यातलं तांब्याभर वर्गात शिंपडायची चैनही छबूबाईनं बंद केली. सोसायटीला गुरांची छावणी मंजूर झाली. ती मोहनरावांनी आपल्या मळ्याजवळ, गावापासून दोन कोसांवर टाकली. तिथं सावली आहे, असं ते म्हणाले. तिथं त्यांची चाळीस जनावरंही होती, हे त्यांनी सांगितलं नाही, पण गावाला दिसत होतं. छावणीचा नियम असा की सकाळी चारा वाटताना जनावराचा मालक तिथं हजर पाहिजे. छबूबाई सकाळी शाळेत. मग शेजारच्या भामाबाईनं आपल्या बैलांबरोबर ढवळीला नेली आणि तिच्या वाट्याचं उसाचं वाढं आपण घेऊन टाकायचं कबूल केलं. छबूबाई दर रविवारी दोन कोस चालत जायची. ढवळी तिला लांबून ओळखायची. पण दर रविवारी तिच्या बरगड्या थोड्या जास्त मोजता यायच्या, आणि छबूबाई परत येताना रस्ताभर कुणाशी बोलायची नाही.

अशात सोसायटीची निवडणूक आली. मोहनरावांच्या पॅनेलला छत्री हे चिन्ह मिळालं. समोरून राधाकिशन उभा राहिला. हा चार बुकं शिकलेला, तोंडाचा तिखट माणूस. त्याला कपबशी मिळाली. त्यानं एकच गोष्ट सांगितली: निवडून आलो तर छावणी मळ्यातून उचलून शाळेशेजारच्या पडीक रानात आणतो. छबूबाईला एवढंच ऐकायचं होतं. छावणी शाळेजवळ आली की घंटा वाजवून ती चाऱ्याला उभी राहू शकणार होती, आणि ढवळी डोळ्यांसमोर राहणार होती.

गावात मात्र तिची थट्टा सुरू झाली. आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि ह्यांची छत्री, म्हणून आधी लोक मोहनरावांना हसले होते. आता तीच छत्री छबूबाईवर उलटली. ती सही शिकली हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. बिभीषण पारावरून ओरडायचा, "मावशे, तुझं तर नावच छत्रीचं! मत बी छत्रीलाच पायजे. न्हाईतर छ परत दे!"

"छ काय तुझ्या चुलत्यानं मळ्यात पिकवला व्हय बे?" छबूबाई म्हणायची. पण घरी आल्यावर तिला खरंच राग यायचा. पाच वर्षं घासून मिळवलेलं एकच अक्षर, त्यावरही त्या माणसानं आपली छत्री उघडून धरली होती.

मतदान चैत्रातल्या एका रविवारी होतं. शनिवारी संध्याकाळी छबूबाईनं साहेबलोकांना सांगून टाकलं, "उंद्या भाकरी माझं मत पडल्यावर. आधी न्हाई." रविवारी पहाटे तिनं पहिलीचा वर्ग असा झाडला, असा पुसला की फरशीवर कण राहिला नाही. बाहेर फक्कीची रेघ ओढली. सातच्या सुमाराला राधाकिशनचा प्रतिनिधी धर्मराज आत आला, भिंतीकडं बघून थबकला आणि हरकत घेतली: मतदानाच्या खोलीत छत्रीचं चित्र कसं काय? चिन्ह आहे ते. बिभीषण तावातावानं म्हणाला की ती काय आमी काढली न्हाई. साहेबांनी नियम बघितला, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "झाकून टाका. मावशी, जरा खळ करता का?"

मतदानाच्या दिवशी साहेबांनी सांगितलेलं काम मावशी धावून करायची, तशीच धावली. पाणी जपून वापरायचं म्हणून तिनं खळ अगदी घट्ट शिजवली. बाकड्यावर चढून तिनं स्वतःच्या हातानं छत्रीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवलं. चित्राबरोबर शेजारचं अक्षरही झाकलं गेलं. वरून हात फिरवून कडा नीट दाबल्या. आपण काय करतोय हे तिच्या मनातही आलं नाही.

आठ वाजता ती रांगेत पहिली उभी होती. पातळ धुवट, पण नेसणं सणाचं. पहिल्या साहेबानं नाव वाचलं, दुसऱ्यानं बोटाला शाई लावली. तिसऱ्यापुढं मतपत्रिकेचं पुस्तक होतं. त्यानं सवयीनं शाईची गादी तिच्याकडं सरकवली.

"अंगठा न्हाई, सायेब. सही करती मी."

साहेबांनी मान वर केली. हे पाच वर्षांपूर्वीचे साहेब नव्हते, कुणी तरुण माणूस होता. त्यानं गादी बाजूला केली आणि दोऱ्याला बांधलेला पेन पुढं ठेवला. मागं रांगेत कुजबुज झाली. छबूबाईनं पेन घेतला, वाकली आणि सवयीनं छत्रीसाठी भिंतीकडं बघितलं.

चमचा होता. जहाज होतं. मधे वर्तमानपत्रातल्या कुठल्याशा टँकरचा फोटो होता.

तिचा हात थांबला. पेन हा धुळीतल्या बोटासारखा नव्हता, आणि उभ्यानं तिनं कधी लिहिलंही नव्हतं. पाच वर्षांत एक दिवस असा गेला नव्हता की समोर छत्री नाही आणि छ काढला. बदक आठवत होतं, ईडलिंबू आठवत होतं. पण ती दोघं छत्रीमागून येणारी. पुढारीच नाही तर ती कुठं जाणार?

"सायेब, त्यो कागद जरा..."

"कागद काढता येणार नाही, मावशी."

तिनं धर्मराजकडं बघितलं. आपण ज्यांना मत देणार त्यांचाच तो माणूस. धर्मराज म्हणाला, "न्हाई न्हाई, कागद काडायचा न्हाई. आमची हरकत हाय." त्या बिचाऱ्याला काय माहीत, कुणाच्या वाटेत कागद आला होता.

"अंगठा दे की, मावशे," बिभीषण खुर्चीतून म्हणाला. आज त्याच्या बोलण्यात चेष्टाही नव्हती, नुसता कंटाळा होता. "तीस मान्सं खोळंबलीत मागं. मत काय अंगठ्यानं पडत न्हाई?"

ते खोटं नव्हतं. अंगठा दिला असता तरी मत पडलंच असतं, कपबशीवरच पडलं असतं, ढवळीच्या बाजूनंच मोजलं गेलं असतं. गादी तिथंच होती, वीतभर अंतरावर. छबूबाईचा अंगठा क्षणभर हललाही. मग तिला तो जुना जाडजूड निळा अंगठा डोळ्यांसमोर दिसला, तिच्या नावापुढं ऐसपैस बसलेला. तिनं पेन टेबलावर ठेवला आणि तिथंच खाली उकिडवी बसली.

"काय झालं? पाणी आणा रे," साहेब उठले.

"काई न्हाई झालं. बसा तुमी," छबूबाई म्हणाली. तिनं फरशीवर बोट टेकवलं. तिथं धूळ नव्हती, तिनंच ठेवली नव्हती. बोट फिरवलं तरी काही उमटणार नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि छत्रीचा नाद सोडून दिला. घरचा गोठा आठवला, रिकामा. दावणीचा दगड आठवला. ढवळी शेवटची बांधली ती संध्याकाळ आठवली. हातातलं दावं, तिच्या मानेची ऊब, आणि हात. खाली, आत, बाहेर, वळसा आणि घट्ट. कोऱ्या फरशीवर बोट एकदा फिरलं. पुन्हा एकदा फिरलं.

"सायेब, बाई खुणा करतीया," बिभीषण म्हणाला.

"लिहू द्या त्यांना," साहेब म्हणाले.

ती उठली. पेन मुठीत धरून वाकली आणि छ काढला, मग बू काढला, मग बा, मग ई. घड्याळात बघितलं असतं तर फार तर दोन मिनिटं गेली असतील, पण रांगेतली माणसं पुढं कैक वर्षं सांगायची की पेटी उन्हानं तापेपर्यंत बाई लिहीत होती.

"वाचता येतंय का बघा बरं," ती म्हणाली.

साहेबांनी पुस्तक आपल्याकडं फिरवलं आणि मोठ्यानं वाचलं, "छबूबाई."

कुणीतरी तिनं लिहिलेलं वाचलं, आणि वाचल्यावर तिचंच नाव आलं. छबूबाईचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत. शाईच्या बोटानं पुसायचे कसे? मतपत्रिका घेऊन ती आडोशाला गेली, शिक्का मारला, घडी घातली आणि पेटीत टाकली. मग बाहेर येऊन चूल पेटवली आणि साहेबलोकांच्या भाकरी थापायला बसली.

निकाल लागला. छत्रीचे अकरा संचालक आले, कपबशीचे दोन. छावणी होती तिथंच राहिली. एका सहीनं गाव उलटत नाही, आणि उलटलं असं सांगणारा खोटं बोलतो. ढवळी त्या उन्हाळ्यातून वाचली. मृगानंतर भामाबाईनं ती घरी आणली, तेव्हा तिला दारातल्या दगडाची पायरी चढवेना. पुन्हा ती गाभण राहिली नाही. छबूबाईनं तिला विकली नाही, बाजारही दाखवला नाही; ढवळी गोठ्यातच म्हातारी होऊन गेली.

पण निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी जे झालं ते सांगायचं राहिलंच.

सोमवारी शाळा भरायच्या आधी छबूबाई बाकड्यावर चढली आणि कागद काढायला लागली. घट्ट खळ उन्हानं कडक झाली होती. तिनं हळूच कोपरा ओढला, तर कागदाबरोबर भिंतीचा रंगही सोलून आला. छत्रीही आली, छही आला. चमच्याच्या आणि जहाजाच्या मधे नुसता पांढरा चुना राहिला. हातात वर्तमानपत्राचं पान घेऊन ती बाकड्यावरच बसली. रडताना तिला गावात फारसं कुणी बघितलं नव्हतं. हरिबाच्या वेळी बघितलं होतं आणि त्यानंतर पंडित गुरुजींनी त्या सकाळी बघितलं.

"गुर्जी, माझा छ गेला."

कपाटातून गुरुजींनी निळ्या रंगाचा उरलेला डबा काढला, रॉकेल घालून ढवळला, कुंचला बुडवला आणि तिच्या हातात दिला. "काढा तुम्हीच."

"मी? भितीवर?"

"काल सरकारी पुस्तकात काढला की. ही तर आपली भित हाय."

छबूबाईनं छ काढला. मोठा, निळा, डावीकडं कललेला. शेजारी चित्राची जागा मोकळी होती. पुन्हा छत्री काढू का, असं गुरुजींनी विचारलं. ती नको म्हणाली. मग छन्नी काढू? छप्पर काढू? छबूबाईनं थोडा विचार केला.

"काईच काडू नका, गुर्जी. जे काडताल त्येचं उंद्या कुणीतरी चिन्ह करंल."

मग ती जागा तशीच मोकळी राहिली. महिनाभरानं मोहनराव कशाच्या तरी उद्घाटनाला शाळेत आले. भिंत बघून हसत म्हणाले, "गुर्जी, आमची छत्री कुठं गेली?" गुरुजी म्हणाले, "पाऊस पडला की काढू, साहेब." मोहनरावही हसले, पण पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

पहिलीच्या पोरांची मात्र पंचाईत झाली. रोज सकाळी सूर लावून म्हणायचं असतं: च चमच्याचा, ज जहाजाचा. मधल्याला कशाचा म्हणायचं? चित्र तर नाही. एक-दोन दिवस पोरं तिथं अडखळली. मग कुणी शिकवलं कळत नाही, कदाचित कुणीच नाही, पण वर्ग एका सुरात म्हणायला लागला, "छ छबूबाईचा!" त्या वेळी छबूबाई बाहेर रांजण धूत होती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला वाटलं, पोरं हाक मारतायत. "आले रं," म्हणत ती दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

ती गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मोहनराव गेले, पंडित गुरुजी बदलून गेले. शाळेला रंग लागला, पण त्या एका चौकोनाला कुणी हात लावला नाही. दर निवडणुकीच्या आदल्या दिवशी केजहून साहेब येतात, हातात चिन्हांची यादी घेऊन भिंतीवरची चित्रं तपासतात. कधी पतंग झाकतात, कधी नारळ झाकतात, कधी विमान. कललेल्या छ-पाशी आले की क्षणभर थांबतात, शेजारची मोकळी जागा बघतात, पुन्हा यादी बघतात आणि पुढं जातात. त्यावर कागद चिकटवायची पाळी अजून कुणावर आलेली नाही.